रिक्ताताई रुजू झाल्या की…

साळवे मॅडम आमच्या सरकारी रुग्णालयाच्या मॅट्रन. सकाळची हजेरी घेताना आम्हा सिस्टरांच्या आधी त्या एक नाव पुकारायच्या. "रिक्ताताई आली का गं?" कुणी ओ देत नसे. मग मॅडम सुस्कारा टाकायच्या, "आजबी नाय आली. लई आळशी बाई!" मी नवीन होते. कामाला नाही, रजेचा अर्ज नाही, तरी हिची नोकरी शाबूत कशी, म्हणून मी मनातून जळायचे. एकदा, उशिरा का होईना येईल, म्हणून मी तिच्यासाठी चहा झाकून ठेवला. तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या आणि मला कळलं, की रिक्ताताई म्हणजे आमची रिक्त पदं.

मॅडम पैठणकडच्या. उंची बेताची, आवाज मात्र केसपेपरच्या खिडकीपर्यंत जाणारा. त्यांना प्रेमळ म्हणणं म्हणजे मिरचीला गोड म्हणणं. अंबाडा जरा सैल दिसला की, "केस बांधलेत का गवताचा भारा?" निरोपसमारंभात दुसऱ्यांदा भजी घेताना मात्र त्यांची शिस्त कुठं जायची कोण जाणे. सरकारनं आमचं नाव बदलून 'नर्सिंग ऑफिसर' केलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. मॅडमनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "ऑफिसर झाल्या गं पोरीहो! आता बेडपॅन सायबाच्या रुबाबात उचला."

आमच्यात निशा एकटीच प्रसूतीचं खास प्रशिक्षण घेतलेली. कळा देणाऱ्या बाईला ती धरून चालवायची, कंबर चोळायची, उगाच घाई करायची नाही. पण धोका दिसला की डॉक्टरांना बोलवायला उशीरही करायची नाही. वाळूजच्या कामगारांच्या बायका रिक्षातून उतरतानाच विचारायच्या, "निशाताई हाय का?" ती रजेवर असली की लेबर रूमचं काय होतं, ते आम्ही पाहिलेलं होतं. एकीला सांभाळावं तर दुसरी भिंत धरून एकटीच कण्हत उभी.

अशात वरच्या कार्यालयातले साहेब आले. सिस्टर कमी पडतात, या विषयावर हॉटेलात कार्यशाळा घ्यायची त्यांना भारी हौस. आणि कार्यशाळेला श्रोते हवेत म्हणून ते वॉर्डातल्या उरल्यासुरल्या सिस्टर मागवून घेत. या वेळी त्यांना निशाच हवी होती, प्रशिक्षण केंद्रावर, कायमची.

"परिचर्या क्षेत्राचं सक्षमीकरण करायचंय, मॅडम."

"करा की. पण तिच्या जागी इथं कोण?"

"तुमच्याकडे कोण आहे?"

मॅडम सवयीनं बोलून गेल्या, "कोण असणार? रिक्ताताई!"

"मग झालं तर! त्यांना द्या लेबर रूम."

मी शेजारी कपाट लावत होते. हसू लपवायला मी आत तोंड खुपसलं. मॅडमचा चेहरा मात्र जराही हलला नाही. "तेवढं लेखी द्या, सायेब," त्या म्हणाल्या.

आणि साहेबांनी दिलं! 'निशा यांनी आपला पदभार श्रीमती रिक्ता यांच्याकडे सोपवावा आणि त्यानंतरच कार्यमुक्त व्हावे.'

मग कार्यालयाचे फोन सुरू झाले. मॅडमचं उत्तर ठरलेलं, "रिक्ताताई रुजू झाल्या की लगेच सोडते. मी काय निशाला बांधून ठेवलंय व्हय?" शेवटी कार्यालयानं रिक्ताताईंना कारणे दाखवा नोटीस काढली. 'संबंधित कर्मचारी आढळल्या नाहीत,' असा शेरा मारून मॅडमनी ती परत पाठवली. आमची हसून मुरकुंडी वळली. मॅडम मात्र त्या मिळालेल्या अवधीत आम्हा एकेकीला निशाच्या हाताखाली पाठवत होत्या. "हॉटेलात बसून बाळंतपण येत नाय. बाईच्या उशाशी उभं राहा, शिव्या खा, मग येतं." मला ती ड्यूटी नकोशी वाटायची. मनातल्या मनात मीही मॅडमना भरपूर शिव्या घातल्या.

मॅडम निवृत्त झाल्या आणि थोड्याच दिवसांत कार्यालयातल्या कुणीतरी संगणकावर रिक्ताताईंना रुजू करून टाकलं. कागदोपत्री आमची लेबर रूम भरली आणि निशा गेली. मला तेव्हा संताप आला, आजही येतो. जी बाई जन्मालाच आली नाही तिची सोय लागली आणि जी राबत होती तिला उचललं.

त्याच आठवड्यात बजाजनगरची एक पहिलटकरीण आली. "निशाताई कुठंय?" म्हणून रडायला लागली. "मी आहे ना," म्हणत मी तिला धरून उठवलं. तिनं माझा हात पिरगाळला, माझ्या खानदानाचा उद्धार केला. मी तिला चालवलं, कंबर चोळली, घाई केली नाही. मुलगी झाली. खणखणीत रडली. मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला.

"बाईनं शिव्या दिल्या का?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"पोटभर."

"मग जमलं तुला. भरवसा असल्याबिगर बाई सिस्टरला शिव्या देत नाय." मी काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून दटावणी आली, "अन् हे गावभर सांगत बसू नको. नायतर तुलाबी उचलून नेतील, शिकवायला."