जीपवरचं तिघांचं घर

आमच्या यांनी जीपवर घर बांधायला काढलं तेव्हा मी एकच विचारलं. जायचं कुठं? आमचं बेट एवढंसं. सकाळी दक्षिणेतल्या आमच्या रोझ बेल गावाहून निघालं की जेवणाच्या आत उत्तरेचा समुद्र लागतो, आणि त्यापुढं गाडी हाकायची तर पोहता यायला हवं. कुठूनही निघालं तरी माणूस रात्रीच्या जेवणाला घरी पोचतो, अशा देशात मुक्कामाची गाडी कशाला? हे शांतपणे म्हणाले, माणसांपासून लांब जायला.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आमची एकुलती एक लेक नर्सिंग शिकायला विलायतेला निघाली होती. कधी परत येईल, येईल की नाही, हे कुणी तोंडानं बोलत नव्हतं. जाण्याआधी तिच्याबरोबर एक रात्र काढायची, फक्त आम्ही तिघांनी, एवढंच यांच्या मनात होतं. घरात ते होणं शक्य नव्हतं. मोठ्या दिरांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये कुंपण नव्हतं, आणि दाराला कडी घातली तर आत कुणी आजारी आहे का म्हणून चौकशी होई. लेकीला निरोप द्यायला तर रोज कुणी ना कुणी यायचं, जेवायचं, रडायचं आणि मुक्काम करायचं. म्हणून यांनी ठरवलं की तीनच माणसं मावतील असं घर बांधायचं. चौथ्याला जागाच नाही म्हटल्यावर कुणाला नाही म्हणायची वेळ येणार नाही.

हे सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. नकाशा झकास झाला. साखर इस्टेटीनं काढून टाकलेली एक जीप घरी आली. तिच्या पाठीवर लाकडी पेटी, पेटीवर छत, आणि चार कोपऱ्यांना एकात एक सरकणाऱ्या लोखंडी नळ्या. छत वर ढकलायचं आणि चारी नळ्यांना मिळून एकच खिळी घालायची, की मधे ताडपत्रीच्या भिंती ताणल्या जायच्या आणि आत वरच्या अंगाला पलंग मिळायचा. भिंती मी शिवल्या. शिवणयंत्राच्या सुया मोडल्या तेवढ्या माझ्या सगळ्या संसारात मोडल्या नव्हत्या. खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड लावलं. लेक शेजारी बसून ताडपत्री धरायची, हसायची, आणि मधेच हात थांबवून माझ्याकडं बघायची.

गाव बघायला लोटलं. वादळांनी पत्रे उडवलेले, म्हणून पोटाला चिमटा काढून सिमेंटचा स्लॅब घातलेले लोक आमचे. छत जाग्यावर राहावं म्हणून इथं माणूस देवाला हात जोडतो, आणि हा गडी स्वतःच्या हातानं वर जाणारं छत करतोय, याचं त्यांना वाईट वाटत होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं तर मला बाजूला घेऊन यांना नीट झोप लागते का, असं विचारलं. यांच्यावर काही परिणाम झाला नाही. "एका माणसानं खिळी काढायची, छत अलगद खाली," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवायचे. आपल्या छतात खोट काढलेली यांना खपत नसे.

खरा घोळ पूजेनं घातला. नवी गाडी पूजेशिवाय रस्त्यावर न्यायची नाही, हे यांनाही मान्य होतं. महाराजांना बोलावलं. त्यांनी जीपला प्रदक्षिणा घातली, आत डोकावले, आणि तिथं मी ठेवलेला स्टोव्ह त्यांना दिसला. मग ते विचारात पडले. चाकं आहेत म्हणजे गाडी, तेव्हा चाकाखाली लिंबं. पण चूल आहे, छत आहे, अंथरूण आहे, म्हणजे घर, तेव्हा वास्तुशांत. मोठे दीर म्हणाले की शंका नको, दोन्ही करा. तिथंच आमचं नशीब फुटलं. गाडीच्या पूजेला नारळ आणि पेढे पुरतात. वास्तुशांतीला मात्र भाऊबंद बोलवावे लागतात.

भाऊबंद आले. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. नव्या घरात दूध उतू जायला हवं म्हणून मी त्या वीतभर जागेत वाकून स्टोव्हवर पातेलं ठेवलं. दूध शुभ दिशेला उतू गेलं असं महाराज म्हणाले. ती दिशा गादीची होती. पुढचे काही दिवस रोझ बेलमधली मांजरं आमच्या अंगणात वस्तीला होती, आणि गादी धुवून वाळवताना मी यांना काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिवाय ज्याच्या वास्तुशांतीला आपण जेवलो, त्या घरी राहायला जायचा हक्क आता प्रत्येकाला मिळाला होता.

तिकीट रविवारचं निघालं. शनिवारी पहाटे कुणाला न सांगता आम्ही तिघं पळालो. दूर म्हणून उत्तर टोक निवडलं. पेती राफ्रे गावाच्या पुढं, उसाच्या शेतांपलीकडं, सुरूच्या झाडांत जीप लावली. यांनी छत वर ढकललं. लेकीनं टाळ्या वाजवल्या. चहा उकळेपर्यंत आम्ही सुखात होतो.

छत उसाच्या वर निघालं होतं आणि लांबून दिसत होतं. पेती राफ्रेला यांची एक चुलत आत्या राहायची, वास्तुशांतीला पोटभर जेवून गेलेली. तिनं शेतातून ते लाल छत ओळखलं, आणि पोरं एकटी उपाशी पडलीत म्हणून घरची सगळी माणसं आणि एक पातेलं घेऊन आली. तिच्या नातवानं दुकानातून रोझ बेलला फोन केला. उन्हं कलायच्या आत मोठे दीर भाड्याची बस घेऊन हजर. बसमध्ये भाऊबंद होते, डेगी होत्या, फरात्यांची, म्हणजे आमच्याकडच्या पातळ पराठ्यांची, चवड होती, आणि लेकीची बॅग होती, कारण आम्ही ती विसरणार याची दिरांना खात्री होती. आम्ही पळून आलो असं कुणाच्या मनातही आलं नाही. निरोप द्यायला बोलावण्याची गरज काय, असं सगळे म्हणत होते.

मग पलंगावर पडून बघायला रांग लागली. मोठ्या जाऊबाई चढल्या आणि त्यांना तिथंच झोप लागली. मागोमाग आत्याबाईही आडव्या झाल्या, आणि त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. तिघांसाठी बांधलेल्या घरात त्या रात्री पाच माणसं झोपली, आणि त्यात आम्ही तिघं नव्हतो. आम्ही वाळूवर, बसच्या चाकाला टेकून, वरच्या खिडकीतून येणाऱ्या दिरांच्या घोरण्याखाली बसलो होतो. यांनी लेकीशी बोलायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा कुणीतरी पाणी मागितलं. मला इतका राग आला होता की रडू यायला लागलं.

सकाळी सगळे निघायच्या घाईत असताना जीप रिकामी झाली. लेक वर चढली आणि पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. पलंगावर माणूस असलं की छत खाली येत नाही. मोठे दीर ओरडले, "छप्पर खाली घे रे. वित, वित, चल लवकर. विमान काय तुझी वाट बघत ऱ्हाणार हाय?"

हे खिळीला हात घालून उभे होते. मी शेजारी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"पापा," ती म्हणाली, "मला जायचं न्हाय असं न्हाय. पन आत्ता मला उतरायचं न्हाय."

"नको उतरूस," हे हळूच म्हणाले. "मी दुसमां, अगदी हळू चालवतो. तू बस."

मग दिरांकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, यांनी सांगितलं की छत अडकलंय, खाली येत नाही.

सगळे हसले. दीर म्हणाले, आम्ही आधीच सांगत होतो. प्रत्येकानं नळीला एकेक धक्का मारून पाहिला, पण खिळीवर यांचा तळवा होता. उघड्या छतानं गाडी जोरात नेता येत नाही, आणि जीपमागं रांगायला बसवाला तयार नव्हता. बस पुढं गेली, आत्याबाईंसकट.

मी वर लेकीपाशी जाऊन बसले. ताडपत्री फडफडत होती. यांनी आपल्या सीटमागची लाकडी झडप उघडून ठेवली होती, तिच्यातून यांची मान तेवढी दिसायची. सगळं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही तसं पार केलं. शहरात एका पोलिसानं तोरण बघून कुठल्या तरी देवाची मिरवणूक समजून समोरची वाहनं थांबवली आणि टोपी काढली. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ती बोलायला लागली. भीती वाटते म्हणाली. थंडीची, परक्या बोलीची, तिथं कुणी दार न वाजवता आत येणार नाही याची. हे पुढं बघत उत्तरं देत होते. एका जागी उसात गाडी थांबवून हेही वर आले. आम्ही तिघं त्या पलंगावर दाटीवाटीनं बसलो.

प्लेझान्सच्या विमानतळावर भाऊबंद वाट बघत होते. ती उतरली, सगळ्यांच्या पाया पडली आणि आत गेली.

त्या छताची थट्टा पुढं प्रत्येक लग्नात झाली. मोठे दीर ती रंगवून सांगायचे. हे मान खाली घालून ऐकायचे, आणि मीही कधी बोलले नाही.

त्या दिवशी विमान गेल्यावर यांनी एका हातानं खिळी काढली. छत अलगद खाली आलं. विमानतळाहून रोझ बेल जवळच. रस्ता मोकळा होता, तरी यांनी घरापर्यंत गाडी तशीच हळू चालवली.