कॉफीचे सुटे वास

प्रयोगशाळेत काचेच्या नळीच्या तोंडाशी नाक धरून मी अर्धा अर्धा तास बसते. यंत्र कॉफीतले वास सुटे करून एकेक बाहेर धाडतं. आला की बटण दाबायचं आणि कशाचा ते सांगायचं. उकडलेला बटाटा, धूर, मध्येच कुजका कोबी. कॉफी मात्र त्यात कुठेच सापडत नाही.

आज यंत्राच्या पडद्यावरची रेघ सपाट असताना मी बटण दाबलं. शेजारी नोंदी करणारी मेघना म्हणाली, "मॅडम, इथे तर काहीच नाही."

"आहे," मी म्हटलं. यंत्राला न सापडलेलं नाकाला सापडतं, म्हणून तर मला अजून इथे बसवतात. पूर्वी याचा अभिमान वाटायचा. आता नुसता थकवा येतो.

या कामापायी गजरा सुटला, वासाचा साबण सुटला. माझी पाळी सकाळची असली की घरात फोडणीसुद्धा पडत नाही. नवरा कधी कुरकुरला नाही.

संध्याकाळी त्यानं कॉफी करून पुढ्यात ठेवली. "कशी झालीय?"

कप नाकाशी नेला आणि सवयीनं बोलून गेले, "आधी बटाटा, मग धूर."

तो हसला नाही. स्वतःच्या कपावर वाकून त्यानं डोळे मिटले, सावकाश श्वास घेतला. "मला तर कॉफीचाच येतोय," म्हणाला.

मी माझा कप खाली ठेवला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी कॉफी मला अख्खी दिसत होती.