गेस्ट हाऊसमागचं ग्रीन

माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेल्या मुलाला प्रयोगशाळेचा प्रमुख केल्याची नोटीस लागली, तेव्हा मी हातातलं काम टाकलं आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. रबाळ्याला आमचा रंगांसाठी रसायनं बनवणारा कारखाना होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. माल तपासायच्या प्रयोगशाळेत माझी सात वर्षं झाली होती. अधिकाऱ्यांमध्ये बाई मी एकटी.

"माझं काय चुकलं, ते सांगा," मी म्हटलं.

"चुकलं काहीच नाही, मॅडम. तुमचं काम फर्स्ट क्लास आहे," साहेब म्हणाले. "पण प्रमुख म्हणजे माणसांत मिसळणारा हवा. तो रोज संध्याकाळी ग्रीनवर असतो. तुम्ही साडेपाचची बस पकडता."

ग्रीन म्हणजे गेस्ट हाऊसमागचा हिरवळीचा तुकडा. साहेबांना गोल्फचं वेड. रविवारी ते खाडीपलीकडे मोठ्या लोकांबरोबर खेळायला जात आणि म्हणे शेवटच्या वीस पावलांत हरून येत. त्या वीस पावलांच्या सरावासाठी त्यांनी कारखान्याच्या आवारात हे करून घेतलं होतं. मधोमध सतरंजीसारखं बारीक कापलेलं गवत, त्यात एक भोक, भोकात झेंडा आणि भोवती थोडं वाढवलेलं गवत. काठावरून चेंडू हलकेच टोलवायचा आणि झेंड्याजवळ नेऊन थांबवायचा. याला चिपिंग म्हणायचे. साहेब खेळायला लागले म्हणून सगळे अधिकारी खेळायला लागले. कोणाला बढती, कोणाची बदली, कुठला माल आधी काढायचा, हे सगळं तिथे चेंडू गोळा करता करता ठरायचं. त्या वेळी मी वाशीच्या बसमध्ये असायचे.

"मग मीपण येते उद्यापासून," मी म्हटलं.

"या ना! शोभा येईल," साहेब हसून म्हणाले.

शोभा! सात वर्षांत माझ्या सहीने गेलेल्या मालाचं एक पिंप परत आलं नव्हतं, आणि मी शोभेला यायचं.

दुसऱ्या दिवशी गेले. पदर खोचला, गेस्ट हाऊसमध्ये ठेवलेल्या जुन्या काठ्यांतली, म्हणजे क्लबांतली, एक घेतली. तिरप्या पात्याची, वेज म्हणतात ती. पहिला फटका जमिनीत गेला आणि मातीचं ढेकूळ उडालं. दुसऱ्या वेळी पात्याची धार चेंडूच्या मध्यावर लागली. चेंडू सरपटत ग्रीन ओलांडून थेट गेस्ट हाऊसच्या पायरीवर आपटला. सगळे हसले. नवा प्रमुख म्हणाला, "मॅडम, लाटणं नाही ते, जरा हलक्या हाताने!" साहेब सर्वांत मोठ्याने हसले. परतीची बस चुकली होती. महापे रोडच्या फाट्यापर्यंत चालत येताना मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या, ते इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतर मी संध्याकाळी जायचं बंद केलं आणि जेवणाच्या सुट्टीत जायला लागले. सगळे कॅन्टीनमध्ये असायचे. मी डबा पाच मिनिटांत उरकायचे, अर्धा तास मिळायचा. रोज तोच प्रकार. एक फटका मातीत, एक गेस्ट हाऊसच्या दिशेने. जितका राग यायचा, तितकी मूठ घट्ट व्हायची, आणि मूठ घट्ट झाली की चेंडू आणखी वेडावाकडा जायचा. महिनाभरात तळहाताला घट्टे पडले.

ग्रीनची राखण एका म्हाताऱ्या माळ्याकडे होती. कारखान्यामागच्या गावातले, आगरी; बोलण्यात ड-ढचा पुष्कळदा र व्हायचा. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे. दुपारी ते काठावर उकिडवे बसून कात्रीने गवत सारखं करायचे. पंधरा-वीस दिवस त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मग एक दिवस म्हणाले, "बाय, त्यानं तुजा काय बिगारलंय?"

"कोणी?"

"चेंडवानं. त्याला मारतंस कशाला?"

मी चिडूनच म्हटलं, "मग काय करू? वर उडायला नको?"

"तू त्याला उचलाया बगतंस. सगलीच बगतात. साहेबपन." ते उठले, बाजूचा खराटा घेतला, उलटा धरला आणि दांडा गवतावर टेकवला. "ह्या पात्याला तिरपा कशाला केलाय? उचलायचा काम त्याचा हाय. तू निसती गवतावरनं काठी ने."

तीन वर्षं ते रोज संध्याकाळी चेंडू वेचत होते. साहेब पुस्तकातून वाचून दाखवायचे, बाकीचे माना डोलवायचे. खरं पाहिलं होतं ते मामांनी. कोणाचा चेंडू थांबतो, कोणाचा पळतो, आणि का, ते त्यांना पाठ होतं. काठीला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून खराटा.

त्यांनी मला दोन्ही पाय जवळ घ्यायला लावले. भार डाव्या पायावर. हात चेंडूच्या थोडे पुढे, झेंड्याकडे, आणि मनगट मोडायचं नाही. काठी मागे जेवढी न्यायची तेवढीच पुढे, गुडघ्याच्या वर नाहीच. "आणि झेंड्याकडं बगू नको," ते म्हणाले. त्यांनी एक वाळकं पान उचललं आणि कापलेल्या गवतावर, काठापासून दोन-तीन पावलांवर ठेवलं. "चेंडू हितं पार. पुरं त्याचा तो चालत जातो. ह्या बाजूला गवताचा कल खारीकडं हाय, म्हनून उजवीकडं वलल. तेवरा आदी डावीकडं टाक."

पहिल्याच दिवशी पाचातले दोन पानाजवळ पडले. पडले आणि खरंच चालत गेले, जणू त्यांना झेंड्यापाशी काही काम होतं. मी लहान पोरीसारखी टाळी वाजवली. मामा परत गवत कापायला बसले.

चार-पाच महिने असं चाललं. एकदा सराव झाल्यावर मी सहज म्हटलं, "मामा, तुमचं बरं आहे. बाहेर सगळीकडे धूर आणि वास, तुम्ही इथे हिरवळीत."

त्यांची कात्री थांबली. "ही हिरवल कुनाची हाय, म्हाईत हाय तुला?" ते म्हणाले. "झेंडा लावलाय ना, तितं माजा खलां व्हता. भात झोरायचो तितं आमी. जमीन घेतली तवा बोललं, घरटी एक नोकरी पक्की. माजी पक्की झाली का? कंत्राटदाराचा मानूस हाय मी. उद्या नको बोलला तर उद्या घरी."

मी सात वर्षं त्या फाटकातून येत-जात होते. ही जमीन कधी कोणाची असेल, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. एका बढतीसाठी मी एवढी धुमसत होते, आणि हा माणूस स्वतःच्या खळ्यावर दुसऱ्यांचे चेंडू वेचत होता.

कंपनीच्या वर्धापनदिनी साहेबांनी चिपिंगची स्पर्धा ठेवली. काठावरून प्रत्येकी दहा चेंडू. झेंड्याजवळ हातभर अंतरात ज्याचे जास्त थांबतील, तो जिंकला. बायका-मुलांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, लाऊडस्पीकर होता. मी नाव द्यायला गेले तर साहेब म्हणाले, "अरे वा, लावा लावा, मजा येईल." नव्या प्रमुखाचे चार आत आले, टाळ्या पडल्या. साहेबांचे स्वतःचे तीन.

माझे सात आले.

शेवटचा चेंडू थांबला तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. मग मागे बसलेल्या बायकांमधून एक-दोन वाजल्या. साहेब पुढे आले, चेहरा हसरा होता. "कमाल आहे! कोणी शिकवलं तुम्हाला?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या माळीमामांनी. खराट्याने."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झालेले मला दिसले, आणि मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. करंडक नव्या प्रमुखाला मिळाला. मॅडमचं नाव ऐन वेळी आलं होतं, त्यामुळे ते धरता येत नाही, असं लाऊडस्पीकरवरून सांगितलं. मला फुलांचा गुच्छ दिला. मी तो खुर्चीवर ठेवून घरी आले.

सोमवारी दुपारी ग्रीनवर मामा नव्हते. दुसराच एक माणूस पाइप धरून उभा होता. फाटकावरच्या वॉचमनने सांगितलं, कंत्राटदाराने मामांना कमी केलं. मी जेवलेच नाही. सरळ केबिन.

"कामाच्या वेळेत क्लब हाताळत होता," साहेब फाइलवरून मान वर न करता म्हणाले.

"त्यांनी क्लबला कधी बोटसुद्धा लावलं नाही. खराट्याने दाखवलं, मी तिथेच सांगितलं होतं."

"तेच म्हणतोय ना मी. खराट्याने झाडायचं सोडून शिकवण्या चालू होत्या."

"मग मलाही काढा. मी शिकत होते."

"मॅडम, तुमची तेव्हा सुट्टी होती. त्याची नव्हती." एवढं म्हणून त्यांनी फोन उचलला.

मी अर्ज लिहिला. सात अधिकाऱ्यांकडे सहीसाठी फिरले, एकानेही केली नाही. नवा प्रमुख तर समजुतीच्या सुरात म्हणाला, "एका माळ्यासाठी कशाला टेन्शन घेता?" त्या क्षणी माझ्या हातात काचेचं चंचुपात्र होतं. मी ते ओट्यावर इतक्या जोरात ठेवलं की त्याला तडा गेला.

रविवारी मी मामांच्या गावात गेले. त्यांची बायको ओटीवर सुकट पसरत होती. मामा आत होते, मला पाहून बाहेर आले पण बस म्हणाले नाहीत.

"माजा नाव कशाला घेतलंस तू?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं, तुमचं कौतुक होईल."

"माजा कौतुक?" ते हसले, पण डोळे संतापाने भरले होते. "बाय, तुला साहेबाची जिरवायची व्हती. त्यासाटी तू मना वापरलंस. साहेबानं जमीन वापरली, तू मना."

ते खरं होतं. मला साहेबांवर जितका राग होता, त्याहून जास्त राग तिथे उभ्या उभ्या स्वतःवर आला. मामांच्या बायकोने मध्ये पडून पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले आणि निघाले.

दीड-दोन वर्षांनी नवा प्रमुख आखातात नोकरी लागली म्हणून गेला. दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा मला प्रमुख करायचं ठरलं. मी तोंडावर सांगितलं, मामांना पक्क्या नोकरीवर घ्या, तरच ही खुर्ची घेते. साहेबांनी दोन आठवडे ताणलं. पण मोठी ऑर्डर अडली होती आणि तपासणीची सही करायला माणूस हवा होता. शेवटी पत्र निघालं. ते घेऊन मी स्वतः गावात गेले.

मामा खाडीच्या बांधावर पुतण्याबरोबर जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी पत्र पुतण्याकडून वाचून घेतलं. दोनदा वाचून घेतलं.

"पक्की बोललंय?"

"पक्की, मामा. शिक्का आहे बघा."

"काम काय?"

"तेच. ग्रीनचं."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "नाय गो बाय. पैली दिली असती तर केली असती. आता त्या खल्यावर मी पाय ठेवनार नाय."

मी खूप समजावलं. दुसऱ्या खात्यात बघते म्हटलं, साहेबांशी पुन्हा भांडते म्हटलं. पुतण्याही म्हणाला, घे रे काका. ते ऐकून घेत होते आणि हात जाळ्यावर चालत होते. शेवटी म्हणाले, "उशीर झाला तर बस जाईल तुजी."

पत्र मी साहेबांच्या टेबलावर परत ठेवलं. "बघा, तुम्ही उगाच भांडलात," ते म्हणाले, आणि माझ्यासमोरच फाडून टोपलीत टाकलं. त्यानंतर मी तिथे नऊ वर्षं प्रमुख म्हणून काम केलं. साहेब निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी त्यांना हार घातले. मी रांगेत उभी राहिले नाही.