दाजींचं क्रूझ

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, बजाजनगरच्या एका कारखान्यात साहेब आहेत. गेल्या दसऱ्याला त्यांनी क्रूझ कंट्रोलवाली, म्हणजे बटण दाबलं की ठरवलेल्या वेगानं आपोआप पळत राहणारी, गाडी घेतली आणि तेव्हापासून त्यांची सगळी अक्कल त्या एका बटणात जाऊन बसली. बारसं असो की दहावा, दाजींचं सुरूच. "ब्रेकला पाय लावायचं कामच नाय. पॅड जन्मात झिजायचे नाय बघा." सर्व्हिसिंगला गाडी दिली तरी ब्रेक तपासू नका म्हणून वर बजावून येतात.

यात खरं एवढंच, की मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग एकसारखा राहिला तर पाय उगाच ब्रेककडं जात नाही. कार असो की मोटरसायकल, तिथं पॅड थोडे कमी झिजत असतील. पण ते श्रेय रस्त्याचं. मी मुकुंदवाडीहून रोज स्कूटीवर ऑफिसला जाते. सिग्नल, रिक्षा, गतिरोधक आणि उलट्या बाजूनं येणारे महाभाग, यांच्यात कुठलं डोंबलाचं क्रूझ लावणार?

दाजींची तऱ्हा तर आणखी निराळी. ब्रेक दाबला की क्रूझ सुटतं, आणि क्रूझ सुटलं की दाजींना चारचौघांत अपमान झाल्यासारखं वाटतं. म्हणून पुढं ट्रॅक्टर दिसला तरी आधी हॉर्न वाजवतात, मग गाडी डावी-उजवीकडून काढून बघतात, आणि ट्रॅक्टर अगदी नाकाशी आला की करकचून ब्रेक मारतात. पॅड वाचवायच्या नादात तेच पॅड घासून काढतात. ताईनं हे एकदा सांगून पाहिलं. "तुला काय कळतं गाडीतलं," एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून ती शेजारच्या सीटवर बसून उजव्या पायानं नुसती मॅट दाबत राहते. तिच्या चवड्याखाली ती मॅट पार विरली आहे. दाजींना अजून दिसलेली नाही.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं अजिंठ्याची लेणी बघायला निघालो. घाट लागला तरी दाजी क्रूझ सोडेनात. उतारावर गाडी ठरवलेला आकडा सोडून पळायची, वळणावर दाजी ब्रेक मारायचे, की लगेच पुन्हा बटण. एका वळणावर समोरून ट्रक आला. दाजींनी ब्रेक दाबला, पण गाडी लवकर थांबेना. थांबली ती कठड्याला चिकटून. आत तापलेल्या ब्रेकचा जळका वास भरला. ताई पांढरीफटक पडली होती.

"बाहेरून येतोय वास," दाजी म्हणाले, आणि गाडी वळणातून निघताच पुन्हा बटण दाबलं.

घाट उतरून लेण्यांजवळच्या फर्दापूरला पोचताच ताई पर्स घेऊन खाली उतरली.

"तुमी या गाडीनं. मी एसटीनं घरी जाते."

"अगं, घरची गाडी असताना? लोक काय म्हणतील?"

"व्हय, घरचीच हाय. बसा तुमी तिच्यात."

लेणी राहिलीच. मीही तिच्यासोबत निघाले. दाजी चाकाशी वाकून काहीतरी बघितल्यासारखं करत राहिले.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. घाट चढून वर आल्यावर रस्त्यात म्हशी आडव्या आल्या आणि ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला. सगळी बस पुढं झुकली. मी ताईच्या उजव्या पायाकडं पाहिलं. तो जागचा हलला नव्हता. तिला गाढ झोप लागली होती.