नेट बंद ठेवून बांधायचं

सॉफ्टवेअरची पॅकेजं बनवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. बिल्ड फसला की एक, पास झाला की दुसरा! कोल्हापुरात आम्ही तिघं हे काम हौसेनं करतो: मी, इरफान आणि अनघा. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर नीट बसतील असे बांधून द्यायचे; या बांधणीलाच बिल्ड म्हणायचं. कडक नियम एकच. बिल्ड चालू असताना इंटरनेट बंद. लागेल ते आधीच जमवून ठेवायचं.

*

इरफानच्या अम्मीनं एकदा विचारलं, "तू करतोस तरी काय?"

"दुसऱ्यानं शिजवलेलं डब्यात भरतो."

"मग तुला कोण इचारतंय?"

"सांडलं की इचारत्यात!"

*

नेटशिवाय बिल्ड होतो का, हे बघायला इरफान चंदगडकडं सासुरवाडीला जायचा. तिथं रेंजच नव्हती! बायकोला वाटायचं, नवऱ्याला आपल्या माहेराची केवढी ओढ. मग गावात टॉवर आला. सासऱ्यांनी पेढे वाटले.

"पावणं, तोंड का पाडलंय?"

पुढं त्याचं जाणं कमी झालं. बायकोनं कारण विचारलं, आणि यानं खरं सांगितलं. अजून पस्तावतोय!

*

अनघा कॉलेजात शिकवते. एका छोट्या प्रोग्रॅमला शंभरेक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडचे तयार तुकडे, लागायच्या. पेपर तपासता तपासता तिनं वर्षभर एकेक बांधली. शेवटची झाली त्याच आठवड्यात मूळ लेखकाची मेल आली, "प्रोग्रॅम बंद करतोय. तसंही कुणी वापरत नव्हतं."

"मी वापरणार होते की!" अनघा म्हणाली.

*

मुरगूडच्या शबानानं पहिलंच पॅकेज आमच्याकडं तपासायला पाठवलं. बिल्ड होताना ते नेटवरून एक फाईल ओढत होतं. मी लिहिलं, "आधी नियम वाचून या."

"सॉरी सर," एवढंच उत्तर आलं. परत ती आलीच नाही.

"एक ओळ बदलायची होती," अनघा म्हणाली. "सांगायचं तरी!"

व्हय. सांगायला पाहिजे होतं.

*

आणि माझं स्वतःचं? माझं शुद्धलेखन तपासणारं पॅकेज शब्दांची यादी नेटवरूनच ओढायचं. त्यापुरती मी नियमातून सवलत ठेवली होती. यादी बिद्रीच्या एका निवृत्त मास्तरांनी केलेली, त्यांच्याच घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली; दर बिल्डला तिथूनच यायची.

"प्रत काढून घे," इरफान दोन वर्षं सांगत होता.

"घेतो की," मी दोन वर्षं म्हणत होतो.

एका सकाळी बिल्ड फसला. मी तणतणत मास्तरांना फोन लावला. त्यांच्या पत्नीनं उचलला.

"काकू, सरांचा कॉम्प्युटर बंद पडलाय. जरा चालू करायला सांगता?"

"त्यास्नी जाऊन म्हैना झाला. बंद करू नको म्हणालते, कोणतरी यादी न्यायला येतंय. म्हणून चालूच ठेवलता. काल लाईट गेली, आता मला लावता येईना."

काकूंनीच पुढं विचारलं,

"यादी न्यायला येत होता, ते तुमीच का?"