लोटूच्या गुडघ्यातली नवी कूर्चा

लोटू बीम जोडतो. मागावरचा ताणा संपत आला की नव्या बीमचा, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाचा, एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला बांधायचा. कतारगामच्या यंत्रमाग कारखान्यांत उकिडवं बसून तो लग्नाआधीपासून हेच करतोय. खानदेशी माणूस, पोटासाठी परराज्यात आलेला. कोसाडला आमच्या शेजारी राहतो. माझ्याहून बराच मोठा, तरी मित्र.

गेल्या वर्षी जिन्यावरून बीम उतरवताना तो गुडघ्यावर आपटला. हाड शाबूत राहिलं. हाडाच्या टोकावरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत आवरण, एका जागी उखडली. ती आपोआप भरून येत नाही. लोटूला उकिडवं बसता येईना. मग बीम कसा जोडणार?

एका दवाखान्यात नव्या उपचाराचा अभ्यास चालू होता. त्यात त्याला घेतलं. त्याच गुडघ्याच्या कडेची, भार न येणारी, भाताच्या शिताएवढी कूर्चा काढली. प्रयोगशाळेत तिच्यातल्या पेशी वाढवायच्या, जेलमध्ये मिसळायच्या, खड्ड्यात भरायच्या. मला खरंच वाटेना. माणूस घरी चहा पितोय आणि त्याचा गुडघा दुसरीकडे वाढतोय.

लोटूला वेगळाच प्रश्न.

"तो तुकडा आते काय खात व्हई रे?"

"पोषक द्रव देतात, लोटूभाऊ."

"गोड का खारं?"

"मी साहित्य शिकलोय. मला काय माहीत!"

त्याची बायको तारावहिनी आतून म्हणाली, "पोऱ्या जेवना का, हाई कधी इचारं नही. तुकडानी काळजी!"

पेशी वाढल्या. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मी सांगेपर्यंत या पायावर भार द्यायचा नाही. दवाखान्यात पाय यंत्रावर बांधला होता. यंत्र तो हळूच वाकवी, हळूच सरळ करी. ते बघून लोटू खूश झाला. "हाई ते आपलंच काम शे!"

त्याचं खरं होतं. धागे बांधून झाले की माग हातानेच सावकाश फिरवतात, गाठी फणीतून अलगद पलीकडे जाव्यात म्हणून. पण त्यानंतर बीम जोडणारा लगेच उठत नाही. माग चालू करून वीतभर कापड विणून बघतो. जोड टिकला की मगच घरी.

घरी आल्यावर लोटूनेही बघितलं. मी आत शिरलो तेव्हा कुबड्या भिंतीला टेकलेल्या आणि तो जमिनीवर उकिडवा.

"लोटूभाऊ, हे काय?"

"वीतभर पाही लेतो."

मग त्याला उठता येईना. संध्याकाळी गुडघा भोपळ्यासारखा सुजला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गुडघ्याचा फोटो काढला. बाहेर बसून लोटू एकच विचारत होता, "निघी ग्यं व्हई का रे? परत वाढाडी देतीन का?"

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "बच गया. एक किनारा ज़रा उठा है, बस." मग त्याच्याकडे वळल्या. "लोटूभाई, इसमें गाँठ नहीं है जो खींचकर देखोगे. अभी ये जेली है. धीरे-धीरे पकड़ेगा."

"कब तक?"

"पूरा मज़बूत होने में साल लगेगा."

लोटू पडद्याजवळ सरकला.

"म्हंजे जित्तं शे ते," तो म्हणाला. "आजून वाढी ऱ्हायनं."

कोसाडला घराच्या जिन्यापाशी आलो. त्याने कुबड्या वहिनीकडे दिल्या आणि माझ्या गळ्यात हात टाकला.

"उचल. मी पाय टेकाव नही."