मला न दिसलेल्या जागा

जिंतूरला आयटीआयमध्ये मी आणि माझे मालक लग्नाआधी एकाच वर्गात वायरमन शिकलो. गुण माझे जास्त. पोरगी शाळेत जायला लागली तशी मी काम शोधू लागले. त्यांनाही गिरणीतलं काम सोडायचं होतं. शेजारी बसून दोघांनी आपापल्या मोबाइलवर नोकरीच्या ॲपमध्ये सारखीच माहिती भरली.

महिनाभर मला दिसलं काय? मेंदीचा क्लास, घरबसल्या पॅकिंग, दवाखान्यात फोन उचलायला मुलगी पाहिजे.

एका दुपारी बहिणीला फोन लावायला त्यांचा मोबाइल घेतला. स्क्रीनवर जाहिरात: परभणीत सौरपंप बसवायला वायरमन पाहिजेत. बोटाने वर सरकवलं, तर तसलीच आणखी एक. मग आणखी एक.

"हे तुमाला कवापासून येऊ लागलंय?"

"रोजच येतंय की. तुला न्हाई येत?"

मी माझा मोबाइल उघडून बघितला; त्यात तसली एकही नव्हती. बहिणीला फोन लावायचा राहूनच गेला. त्यांच्याच मोबाइलवरून आम्ही दोघांनी अर्ज केले.

परभणीच्या ऑफिसात साहेबांनी माझा कागद दोनदा वाचला. "एवढ्या अर्जांत बाईचा हा एकच."

"जाहिरात दिसलीच न्हाई साहेब, तर बाया अर्ज कुठून करतील?" माझा आवाज चढला होता. मी भांडायच्याच तयारीने गेले होते.

"आम्ही तर सगळ्यांना दाखवा असंच टाकलं होतं," म्हणत त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. जाहिरात कुणाकुणाला दिसली त्याच्या दोन पट्ट्या होत्या. पुरुषांची पार टोकाला टेकलेली, बायकांची नखाएवढी. साहेबही बघतच राहिले. "मशीनच ठरवतं हे. असल्या जाहिराती आधी कोण उघडत होतं, ते बघून."

भांडायचं कुणाशी, तेच कळेना. बाईने हे काम मागितलंच नाही, म्हणून तिला ते दाखवायचंच नाही? आणि दाखवलंच नाही तर ती मागणार कशी?

साहेबांनी आम्हा दोघांनाही पंपाची जोडणी करायला सांगितली. माझी जोडणी बरोबर झाली, त्यांचीही. आम्ही दोघंही कामाला लागलो.

त्याच आठवड्यात वर्गातल्या बाकी तिघींना फोन केले. एकीलाही ती जाहिरात दिसली नव्हती. त्यातली वालूरची मैत्रीण आता ब्लाउज शिवते. ती म्हणाली, "आगं, मी तर शिकलेलं सगळं इसरून चाललेय. मला वाटलं, जागाच निघत न्हाईत."